सबवूफर सतत घूं-घूं करतो आणि बास घुमतो, बोर्ड बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की घर दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात आहे, १० बाय १२ ची खोली, वर टिन. डिशचा बॉक्स २.१ होम थिएटरला (दोन छोटे स्पीकर आणि बासचा एक मोठा डबा, म्हणजे सबवूफर) जोडलाय. गाणं बंद असलं तरी घूं येतो, लावलं की बास नुसता घुमतो आणि टिन वाजतात. मेकॅनिक बोर्ड बदला म्हणतो. भाऊ, बोर्डाचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. मी याच जिल्ह्यात रिपेरिंग करतो, आणि अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच डब्यांत बिघाड नसतोच.

आधी घूं कुठून येतो ते शोधा. सेट बंद करून मागच्या लाल-पांढऱ्या पिना काढा आणि पुन्हा चालू करा. घूं तसाच राहिला तर दोष आतला: बहुधा पॉवर सप्लायचे फिल्टर कॅपॅसिटर गेलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर, टिनाखाली त्याहून जास्त. आणि अशा कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. डोकं फुगलेलं दिसलं की समजायचं. दोन कॅपॅसिटर बदलायचं काम, बोर्ड बदलायचं नव्हे. पण स्वतः खोलू नका, आत २३० व्होल्ट असतात आणि लाइटची पिन काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

पिना काढल्यावर घूं गेला, तर डबा ठीक आहे, घूं बाहेरून येतोय. मग पिना परत लावा आणि बॉक्समागची छत्रीची केबल सोडून बघा. शांत झालं, तर त्या केबलवाटे करंट फिरतो आहे. टीव्ही, बॉक्स आणि सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. सबवूफरची पिन दोन पायांची असेल तर उलटी करून लावा, फुकटचा उपाय आहे आणि बरेचदा लागू पडतो. एवढ्यानं भागलं नाही तर लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरमध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो हा फिरणारा करंट अडवतो. फार स्वस्तातला घेऊ नका, तो घूंसोबत बासही खातो.

बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरची अर्थिंग तपासून घ्या. खेड्यात सॉकेटला तिसरं छिद्र असतं, पण त्यामागं वायर असेलच असं नाही. वायर असली तरी उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो, त्यात पाणी सोडत जा. घूं घालवायला तिसरा पाय तोडा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतेल.

आता घुमण्याचं. सबवूफर कोपऱ्यात ठेवलाय ना? सगळेच ठेवतात. कोपरा बास फुगवतो. शिवाय १० फुटांच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झचा आणि १२ फुटांत ४७ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून वाढतो. ढोल, बेस गिटार नेमके त्याच पट्ट्यात. म्हणून भिंतीला टेकून खाटेवर बसणाऱ्याला दणका बसतो आणि मधे सतरंजीवर बसणारा म्हणतो बासच नाही. सोपी युक्ती: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास भरपूर असलेलं एक गाणं लावा आणि भिंतीकडेनं खाली वाकून फिरा. जिथं बास गच्च पण स्वच्छ ऐकू येईल तिथं डबा ठेवायचा. पोट्टे हसतील, हसू द्या. घरात कापूस भरलेला असला की वरचे सूर मऊ होतात, बासला त्या मानानं फरक कमी.

बासचं बटण अर्ध्यावर आणा. फोन किंवा टीव्हीतला बास बूस्ट बंद करा, दोन्हीकडून वाढवला की फाटतोच. डब्याच्या मागच्या भोकात जुना मोजा सैलसा कोंबून पाहा, घुमणं कमी होतं. (आधी आत पाल किंवा उंदराचा संसार नाही ना ते बघा!)

टिनासाठी फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या आणि ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा. एका ठरावीक आकड्यावर एकच वस्तू बडबडते: पत्र्याचा ढिला स्क्रू, भांड्यांची मांडणी, कधी डब्याची स्वतःची जाळी. तिथंच रबराचा वायसर किंवा टायरट्यूबचा तुकडा लावा.

हरभऱ्याला पाणी सुरू झालं, मोटारी लागल्या, की रात्री आवाज फाटतो अशी तक्रार हमखास येते. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला व्होल्टेज २३० वरून १८० पर्यंत उतरलं की ताकद जवळपास ४० टक्क्यांनी घटते. तेव्हा आवाज कमी ठेवा किंवा स्टॅबिलायझर लावा.

यातलं सगळं करूनही खरखर राहिली तर सेट बंद करून वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) दोन्ही हातांनी सरळ, हलके दाबा. घासल्यासारखा आवाज आला म्हणजे कॉइल गेली. यवतमाळला नवा वूफर आणायला जाताना जुना सोबत न्या, मागं ४ ओहम लिहिलंय की ८ ते बघून तोच घ्या. डब्यावर छापलेल्या पीएमपीओ वॅटच्या फुगवलेल्या आकड्याकडे मात्र बघूही नका.