विक्रीचा आकडा आणि कारखान्याचा आकडा एकच कसा करायचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचे चारही प्रश्न मसाला उद्योगातून आले आहेत. विक्री आणि उत्पादनाचं एकत्रित मासिक नियोजन, म्हणजे कारखान्यांत ज्याला ‘एस अँड ओपी’ म्हणतात, ते बसवताना येणाऱ्या या अडचणी आहेत.

प्रश्न: आमच्या मसाल्यांची ४२ प्रकारची पाकिटं आहेत. एप्रिलमध्ये मिरची पूड संपते, वितरकांचे फोन थांबत नाहीत, आणि त्याच वेळी गोडाऊनमध्ये छोले मसाला एक्स्पायरीला टेकलेला असतो. सेल्सचा आकडा वेगळा, प्लांटचा वेगळा, बँकेला दिलेला तिसराच. सुरुवात कुठून करावी?
— उद्योजक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर: ४२ पाकिटांपासून तर मुळीच नको. मिरची पूड, हळद, धने-जिरे, कांदा-लसूण मसाला, मिश्र मसाले, हंगामी माल असे सहा-सात गट पाडा. गट पाडताना चव पाहू नका, मशीन पाहा. एकाच पल्वरायझरवर दळला जाणारा आणि एकाच पॅकिंग लाइनवर भरला जाणारा माल शक्यतो एका गटात हवा. पहिले तीन महिने फक्त मिरची पूड घ्या. तिथे घडी बसली की बाकीचे गट जोडा.

नियोजन १८ महिन्यांपर्यंतचं हवं. वर्षाची मिरची आपण जानेवारी ते एप्रिलच्या आवकेतच घेऊन कोल्ड स्टोरेजला टाकतो. फेब्रुवारीत ब्याडगीचा सौदा करताना पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत किती लागेल हे माहीत नसेल, तर तो सौदा निव्वळ अंदाजपंचे होतो.

आता तुमचा एप्रिल. एक लाइन मिनिटाला १०० ग्रॅमची ६० पाकिटं भरते असं धरू. आठ तासांच्या शिफ्टमध्ये जेवणाची सुट्टी, रोल बदलणं, सीलिंगचा बिघाड, साफसफाई हे सगळं धरून ७० टक्के वेळ खरा हाती लागतो. म्हणजे शिफ्टला सुमारे २ टन आणि २५ दिवसांत ५० टन. १ मार्चला शिल्लक १८ टन. मागणी मार्चमध्ये ४५, एप्रिलमध्ये ६०, मेमध्ये ५५ टन. शिल्लक अधिक उत्पादन वजा विक्री, हे एकच गणित मांडा. मार्चअखेर २३ टन उरतात, एप्रिलअखेर १३, मेअखेर ८. माल कागदावर कधीच शून्य होत नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. पण पुढच्या १५ दिवसांचा साठा हाताशी हवा असेल, तर एप्रिलअखेर साडेसत्तावीस टन लागतात. तिथे साडेचौदा टनांचा खड्डा आहे. शिल्लक १३ टन दिसत असूनही कुठल्या ना कुठल्या डेपोत नेमकं हवं ते पाकीट नसतं, ते याच खड्ड्यामुळे.

हा खड्डा एप्रिलमध्ये बुजत नाही. फेब्रुवारी आणि मार्चचे चार-चार रविवार शिफ्ट चालवली तर १६ टन जास्तीचे निघतात. पण लॅमिनेटचा, म्हणजे ज्या प्लॅस्टिकपासून पाकिटं बनतात त्याचा, छापील रोल यायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे हा निर्णय जानेवारीतच व्हायला हवा. मालाचा खर्च किलोला २५० रुपये धरला, तर या १६ टनांत ४० लाख रुपये अडकतात. म्हणून अकाउंट्सचा माणूस या बैठकीत पहिल्यापासून हवा, आणि बँकेला जाणारा आकडाही याच तक्त्यातून निघायला हवा.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी सुटते. क्षमता नुसत्या टनांत मोजू नका. तीच लाइन ५० ग्रॅमची पाकिटं भरते तेव्हाही वेग जवळपास तोच राहतो, म्हणजे शिफ्टला २ ऐवजी १ टन. एप्रिलच्या ६० टनांपैकी २० टन एखाद्या स्कीममुळे ५० ग्रॅममध्ये गेले, तर ३० ऐवजी ४० शिफ्ट लागतात. सेल्सने टनांचा आकडा तंतोतंत गाठलेला असतो आणि प्लांट मात्र दहा शिफ्ट मागे पडलेला असतो. प्रत्येक गटासाठी टन आणि पाकिटं असे दोन्ही स्तंभ ठेवा.

प्रश्न: आम्ही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या विक्रीवर १० टक्के चढवून अंदाज काढतो. सणांच्या महिन्यांत तो हमखास फसतो. काय चुकतं?
— सेल्स मॅनेजर, पुणे

उत्तर: आपला ग्राहक सणाची खरेदी पंचांगावरून करतो आणि आपण अंदाज इंग्रजी महिन्यांवरून बांधतो. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आलं, तर २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला आहे. २०२५ मध्ये वितरकांनी चिवडा मसाल्याचा बराचसा माल सप्टेंबरातच उचलायला हवा होता. २०२६ ला तीच उचल ऑक्टोबरात सरकते. सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी केली, की आधी माल पडून राहतो आणि मग ऐन वेळी कमी पडतो.

उपाय सोपा आहे. हंगामी मालाची विक्री आठवड्यांत मांडा आणि आठवडे सणापासून उलटे मोजा: दिवाळीआधीचा आठवा, सातवा, सहावा. तीन वर्षांची बिलं अशी लावली की उचलीचा आकार स्पष्ट दिसतो. मग तो आकार नव्या तारखेवर बसवा.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठही आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे केटररला जाणाऱ्या एक आणि पाच किलोच्या पॅकची मागणी त्याच्या आधी किंवा नंतर सरकते. पुढचे सणही लांबतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. लोणचे मसाल्याला मात्र हे गणित लावू नका. तो कैरीच्या आवकेवर आणि पावसाच्या तोंडावर चालतो. घरोघरी वर्षाचा मसाला करण्याचा हंगामही उन्हावर ठरतो, तिथीवर नाही.

दुसरी चूक बिलांवर विसंबण्याची. बिल म्हणजे आपण पाठवलेला माल. गेल्या एप्रिलमध्ये ६० टनांची ऑर्डर असताना ४८ टनच गेले असतील, तर बिलांवरून काढलेला अंदाज यंदाही टंचाईच घडवणार. न पुरवलेल्या ऑर्डरी वेगळ्या नोंदवून मागणीत मिळवा. वितरकाने तीच ऑर्डर पुन्हा दिली असेल तर ती दोनदा धरू नका. आणि निदान मोठ्या दहा वितरकांकडून दुकानांना गेलेला माल दरमहा मागवा. महिनाअखेर टार्गेटसाठी त्यांच्या गोडाऊनमध्ये ढकललेला माल ही मागणी नव्हे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तो विक्रीतून वजा होतोच.

प्रश्न: आमच्याकडे दर महिन्याला बैठक होते. तीन तास चालते, सगळे एकमेकांना गेल्या महिन्याचा जाब विचारतात आणि चहा पिऊन उठतात. निर्णय होत नाही.
— प्लांट मॅनेजर, जळगाव

उत्तर: कारण सगळं काम एकाच बैठकीत कोंबलेलं आहे. एस अँड ओपी ही महिनाभर चालणारी साखळी आहे. पहिल्या तीन कामाच्या दिवसांत विक्री, साठा, अपुऱ्या ऑर्डरी यांचे आकडे बंद करा. सातव्या दिवसापर्यंत सेल्स आणि मार्केटिंगने मागणी ठरवावी, स्कीमच्या तारखा आणि पाकिटांच्या आकारासकट. बाराव्यापर्यंत प्लांट आणि परचेसने मशीन, माणसं, मिरची आणि लॅमिनेट तपासावं. पंधराव्याच्या आसपास दोन्ही बाजूंनी बसून जेवढं मिटतं तेवढं मिटवावं. जे मिटत नाही तेवढंच विसाव्याच्या सुमारास मालकांसमोर जावं.

मालकांसमोर तक्रार न्यायची नाही, पर्याय न्यायचे. उदाहरणार्थ: आठ रविवार चालवायचे, की दळण-पॅकिंग बाहेरून करून घ्यायचं, की ५० ग्रॅमची स्कीम महिनाभर पुढे ढकलायची? प्रत्येकापुढे रुपये आणि शेवटची तारीख. असे तीन-चार विषय असतील तर दीड तास पुरतो. मालक नसतील तर ती अंतिम बैठक घेऊच नका, दुसऱ्या दिवशी घ्या. त्यांच्या गैरहजेरीत ठरलेला आकडा एका फोनवर मोडतो आणि मग पुढच्या महिन्यापासून कोणीच तयारी करून येत नाही.

प्लॅनचा तक्ता सांभाळणारा माणूस सेल्सचा नको, उत्पादनाचाही नको. अकाउंट्स किंवा थेट मालकांच्या हाताखालचा चालेल. आणि ठरलेलं मोडण्याचा नियम लिहून ठेवा: पहिले दोन आठवडे बदल नाही, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात १५ टक्क्यांपर्यंत बदल, तोही मिरची आणि रोल असतील तर, त्यापुढे मोकळीक. दोन आठवड्यांच्या आत काही घुसवायचंच असेल, तर त्या बदल्यात कोणता माल मागे जाणार हे मागणाऱ्याने लिहून द्यायचं.

प्रश्न: सेल्सवाले आकडा नेहमी फुगवून देतात. प्लांटने स्वतःच १५ टक्के कापलं तर काय बिघडलं?
— उद्योजिका, सातारा

उत्तर: खूप बिघडतं. सेल्सला कापाकापी कळते, ते आणखी फुगवतात. एकाने १५ टक्के वाढवले, दुसऱ्याने १५ टक्के कापले की एकूण टनांची गोळाबेरीज जमल्यासारखी दिसते. पण वाढवताना मिरची वाढवलेली असते आणि कापताना छोले मसाला. तुमच्या गोडाऊनमधली नको त्या मालाची थप्पी इथूनच येते.

फुगवटा उघडपणे मोजा. समजा चार महिन्यांचे अंदाज ५०, ५२, ६० आणि ४८ टन. विक्री ४०, ४४, ५० आणि ४१. बेरीज २१० विरुद्ध १७५, म्हणजे २० टक्के जास्त, आणि चारही महिने एकाच दिशेने. चूक कधी वर, कधी खाली होत असेल तर तिच्यासाठी थोडा साठा ठेवून भागतं. सतत वरच होत असेल तर आकडा देण्याच्या पद्धतीतच दोष आहे. बहुतेकदा टार्गेटच अंदाज म्हणून पुढे सरकवलेलं असतं. दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा: टार्गेट इन्सेंटिव्हसाठी, अंदाज मिरची घेण्यासाठी. इन्सेंटिव्हचा छोटा हिस्सा अंदाजाच्या अचूकतेला जोडला तर फरक लवकर दिसतो.

सॉफ्टवेअर घ्यावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. पहिले सहा महिने एक्सेल पुरे. त्याआधी टॅलीतली मालाची नावं साफ करा. ‘मिरची १०० ग्रॅम’, ‘मिर्ची १००’ आणि ‘एम पी १००’ या तीन नावांनी एकच पाकीट नोंदलेलं असेल, तर महागडं सॉफ्टवेअरही त्याचे तीन वेगळे अंदाज देईल. पेटी, पाकीट आणि किलो यांचं कोष्टकही एकच असू द्या आणि ते बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.