फोनमधले फोटो आणि फाइल रोज लॅपटॉपवर न्यायला कोणती ॲप्स वापरावीत?

तुम्ही लिहिलंय की विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन आहे, आणि फोनमधले फोटो, पीडीएफ लॅपटॉपवर न्यायचे असले की व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवता. त्याला पर्याय आणि कॉम्प्युटरची आवड असणाऱ्याने फोनवर ठेवावीत अशी ॲप्स विचारली आहेत.

व्हॉट्सॲपची ही सवय आधी सोडा. फोटो म्हणून पाठवलेली फाइल तिथे कॉम्प्रेस होते. तिची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि फोटो कधी, कुठे काढला ही आतली नोंद निघून जाते. एचडी निवडलं तरी मूळ फाइल जात नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ जाते, पण एकाच टेबलावरच्या दोन यंत्रांमधली फाइल इंटरनेटवरून फिरवून आणण्यात वेळ आणि डेटा दोन्ही जातात. घरच्या वाय-फायवरून ती थेट जाऊ शकते.

त्यासाठी पहिलं ॲप लोकलसेंड. मोफत आहे, मुक्त-स्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना बघायला खुला) आहे, खातं काढावं लागत नाही, आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. दोन्हीकडे टाका, दोन्हीकडे उघडं ठेवा, फोनवर फाइल निवडा, यादीत लॅपटॉपचं नाव दिसलं की दाबा आणि लॅपटॉपवर 'ॲक्सेप्ट' करा.

नव्वद टक्के तक्रार एकच असते: लॅपटॉप यादीत दिसतच नाही. कारणं ठरलेली आहेत, आणि ती या क्रमाने तपासा. विंडोजने तुमचं वाय-फाय 'पब्लिक' धरलं असेल तर फायरवॉल बाहेरून येणारी जोडणी अडवतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग तुमच्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज, तिथे 'प्रायव्हेट' करा. हे फक्त घरच्या वाय-फायसाठी करा, स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या नाही. दुसरं, लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खाजगी बोगदा) चालू असेल तर ते बंद करून बघा. तिसरं, फोन राउटरच्या 'गेस्ट' नेटवर्कवर असेल किंवा राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू असेल, तर दोन्ही यंत्रांना इंटरनेट मिळतं पण एकमेकांशी बोलता येत नाही. हॉस्टेल, ऑफिस, कॅफे इथे ही सोय मुद्दाम चालू ठेवलेली असते आणि तिथे तुम्ही काही बदलू शकत नाही. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर जोडा. फोन आणि लॅपटॉपमधल्या देवाणघेवाणीला मोबाइल डेटा लागत नाही. मात्र विंडोज त्याच हॉटस्पॉटवरून अपडेट उतरवायला लागेल, म्हणून त्या नेटवर्कला 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरायचं नेटवर्क) करून ठेवा. इतकं करूनही जमलं नाही, तर फायरवॉलमध्ये ५३३१७ हा पोर्ट (ॲप ज्या क्रमांकाच्या दारातून बोलतं तो) टीसीपी आणि यूडीपी या जोडणीच्या दोन्ही प्रकारांसाठी मोकळा करा.

वेग कमी वाटला तर ॲपला दोष देण्याआधी राउटर बघा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर सेकंदाला चार-पाच एमबी मिळाले तरी ठीक, ५ गिगाहर्ट्झवर त्याच्या कितीतरी पट मिळतात. दोन्ही यंत्रं वाय-फायवर असली की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा राउटरपासून. लॅपटॉप लॅन केबलने जोडला की हा फेरा वाचतो. पण स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, म्हणजे सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जाणारच नाहीत. तिथे ५ गिगाहर्ट्झ वाय-फायच बरं.

मोठ्या व्हिडिओंसाठी यूएसबी केबल अजूनही चांगली. फोल्डर रिकामा दिसला तर फोन अनलॉक करा आणि नोटिफिकेशनमधून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तरीही काही दिसलं नाही तर केबल बदला, कारण काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. आणि टाइप-सी म्हणजे वेगवान असं नाही. कित्येक फोनमध्ये त्या भोकामागे यूएसबी २.० असतं, जे प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीवर थांबतं.

दुसरं ॲप केडीई कनेक्ट. फोनची नोटिफिकेशन लॅपटॉपवर, फोनचा माउस म्हणून वापर, प्रेझेंटेशनची स्लाइड पुढे ढकलणं, आणि मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो सामाईक क्लिपबोर्ड. लॅपटॉपवर कॉपी केलेलं फोनवर लगेच पेस्ट होतं. उलट दिशेला मात्र नोटिफिकेशनमधलं 'सेंड क्लिपबोर्ड' दाबावं लागतं, कारण अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. फायरवॉलमध्ये मोकळे करायचे याचे पोर्ट १७१४ ते १७६४. जोडणी सारखी तुटत असेल, विशेषतः शाओमी, ओप्पो, विवो, रियलमीच्या फोनवर, तर ॲपला 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी द्या आणि बॅटरीत 'नो रिस्ट्रिक्शन्स' करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर बँकेची नोटिफिकेशन जाऊ देऊ नका. कुठल्या ॲपची पाठवायची ते ॲपच्या आत निवडता येतं.

आता सिंकथिंग. यावर सविस्तर लिहितो, कारण चुकीचं लावलं तर फोटो जातात. हे ठरवलेला फोल्डर दोन यंत्रांमध्ये आपोआप सारखा ठेवतं, मधे कुठल्या कंपनीचा साठा नाही. अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, म्हणून एफ-ड्रॉइड या मुक्त-स्रोत ॲप्सच्या दालनातून 'सिंकथिंग-फोर्क' घ्या. लॅपटॉपवर ते ब्राउझरमध्ये ८३८४ पोर्टवर उघडतं. क्यूआर कोडने दोन्ही जोडा आणि कॅमेऱ्याचा फोल्डर शेअर करा.

मूळ मांडणीत दोन्ही बाजू समान असतात. लॅपटॉपवर फोटो पुसला की फोनवरूनही पुसला जातो. म्हणून फोनवर फोल्डरचा प्रकार 'सेंड ओन्ली' करा आणि लॅपटॉपवर 'रिसीव्ह ओन्ली'. यात लोक निश्चिंत होतात आणि महिन्याभराने जागा करायला फोनमधले फोटो पुसतात. ते पुसणंही 'सेंड' होतं, आणि लॅपटॉपवरचे फोटोही जातात! हे टाळायला लॅपटॉपच्या बाजूला त्या फोल्डरच्या 'फाइल व्हर्जनिंग'मध्ये (जुन्या प्रती जपण्याची सोय) 'ट्रॅश कॅन' निवडा आणि किती दिवसांनी साफ करायचं तिथे ० ठेवा, म्हणजे कधीच नाही. मग फोनवर पुसलेला फोटो लॅपटॉपवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. व्हर्जनिंग फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होतं, लॅपटॉपवर तुम्ही स्वतः पुसलेल्याला नाही. आणि त्या फोल्डरमध्ये स्वतःच्या इतर फाइल ठेवू नका. 'रिव्हर्ट लोकल चेंजेस' हे बटण दाबलंत तर त्या काढून टाकल्या जातात. फोटोंवर काम करायचं तर दुसरीकडे कॉपी करून करा. फोनवर 'फक्त वाय-फाय' आणि 'फक्त चार्जिंग' या अटी लावल्या की बॅटरीचा त्रास होत नाही. हे सगळं नीट लावल्यावरसुद्धा सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्याच.

सिंकथिंग लावलंत की आणखी दोन ॲप्स सोयीची होतात. एजिस हे लॉगिनसाठी लागणारे ओटीपी फोनवरच बनवणारं ॲप: त्याला पासवर्ड लावा, स्वयंचलित बॅकअप चालू करा आणि तो सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये पडू द्या. फोन हरवला तरी खाती उघडता येतील. दुसरं कीपासडीएक्स, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवणारं; लॅपटॉपवर त्याच फाइलसाठी कीपासएक्ससी. ही फाइल फोटोंच्या नाही, तर दोन्ही बाजू समान असलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन्हीकडे एकाच वेळी बदल केलात तर 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी फाइल तयार होते. ती पुसू नका, कीपासएक्ससीमधल्या 'मर्ज'ने आधी एकत्र करा.

शेवटचं एससीआरसीपीवाय, फोनची स्क्रीन लॅपटॉपवर आणून माउस-कीबोर्डने चालवणारं. फोनवर काही टाकावं लागत नाही. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि यूएसबी डीबगिंग चालू करायचं. शाओमीच्या फोनवर चित्र दिसतं पण माउस चालत नाही, तेव्हा 'यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)' हेही चालू करा. बँकेची ॲप्स यात काळी दिसतात, तो बिघाड नाही, त्यांनीच स्क्रीन दाखवायला मनाई केलेली असते. काही बँकांची ॲप्स तर डेव्हलपर ऑप्शन्स चालू असताना उघडतच नाहीत, म्हणून काम झालं की ते बंद करा.