प्रीमियमला दोन दिवस उशीर, म्हणून क्लेम नामंजूर

प्रश्न : आईच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन मार्च २०२० मध्ये ठरलं होतं, लॉकडाऊनमुळे रुग्णालयाने पुढे ढकललं. तिची आरोग्य विमा पॉलिसी १० एप्रिलला संपली, प्रीमियम मी १२ मे रोजी भरला. जूनमध्ये पित्ताशय फुटलं. कॅशलेस नाकारलं गेलं, आणि डिपॉझिटची जमवाजमव होईपर्यंत नऊ तास ऑपरेशन थांबलं. पुढे ११ दिवस आयसीयू. सप्टेंबरमध्ये कंपनीने कळवलं : ३० दिवसांची सवलत उलटली, पॉलिसी खंडित, खड्यांसाठीचा दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) नव्याने सुरू. तेव्हापासून मी ईमेल करतोय. आता दाद मागता येईल?

उत्तर : पॉलिसी खंडित झालीच नव्हती. २५ मार्च ते ३ मे २०२० दरम्यान नूतनीकरण येणाऱ्या आरोग्य विमा पॉलिसींचा प्रीमियम १५ मेपर्यंत भरला तरी सलगता राहील, अशी केंद्राची अधिसूचना होती. तुमची १२ मेची पावती त्यात चपखल बसते. कंपनीला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

अडचण वेगळीच आहे. क्लेम नाकारल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, म्हणून तुम्हाला फेब्रुवारी २०२४ अखेरपर्यंत वेळ होता. ईमेल पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. या गैरसमजापायी किती चांगली प्रकरणं गेली आहेत! मात्र त्या ईमेलना आलेली उत्तरं एकेक करून वाचा. कंपनीने कुठे 'फाइल पुन्हा तपासत आहोत' म्हणून नंतर नव्याने नकार दिला असेल, तर त्या तारखेपासून मुदत मोजावी असा युक्तिवाद करता येईल. तसं काही नसेल, तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागेल. कारण पटण्याजोगं हवं. आईचं लांबलेलं आजारपण चालेल, पण त्याचे कागद हवेत.

नऊ तासांबद्दल : तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, बाकी सगळं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. पण रुग्णालयाविरुद्धही तीच मुदत, शिवाय उशिरामुळेच प्रकृती बिघडली हे तज्ज्ञाच्या मताने दाखवावं लागेल. सगळी भिस्त दोन नोंदींवर : दाखल केल्याची वेळ आणि भूल दिल्याची वेळ. केस पेपरच्या प्रतीसाठी आजच लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार डॉक्टरांना ही कागदपत्रं तीनच वर्षं जपावी लागतात.