अमेरिकेतल्या सरकारी जमिनीवर तेल-वायूच्या विहिरी खोदल्याने पर्यावरणाचं नेमकं काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की तिथे मैलोन् मैल माणूस दिसत नाही, विहिरीचं भोक तर हातभर रुंदीचं, मग एवढी ओरड कशासाठी? आणि तेल संपल्यावर जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही का?

मी काही वर्षं यूटा राज्यात होतो. कामानिमित्त शेजारच्या वायोमिंगमध्ये, पाइनडेल या छोट्या गावाच्या बाजूला, बरंच फिरणं झालं, म्हणून तिथलंच सांगतो. 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या केंद्रीय खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. आपल्या गायरानासारखी समजा: मालकी सरकारची, पण गुरं चारणारे, शिकारी, तंबू ठोकून राहणारे असे सगळेच ती वापरतात. तीच तेलकंपन्यांना भाडेपट्ट्याने दिली जाते.

माझं मत असं, की भोकापेक्षा भोकापर्यंत जाण्यानेच जास्त नुकसान होतं. पाइनडेलच्या दक्षिणेचं जोना फील्ड हे वायुक्षेत्र नकाशावर उपग्रहाच्या चित्रात बघा. पांढरट चौकोनच चौकोन दिसतील, आणि त्यांना जोडणारं रस्त्यांचं जाळं. एकेक चौकोन म्हणजे सेजब्रशची झुडपं उपटून, जमीन सपाट करून, वर खडी पसरलेला तळ. त्यावर टाक्या, पाइप, आणि टँकर वळवायला मोकळी जागा. २००६ साली इथे आणखी ३,१०० विहिरींना मंजुरी मिळाली.

शेजारच्या पाइनडेल अँटिक्लाइन या दुसऱ्या वायुक्षेत्रावर म्यूल हरणं हिवाळा काढायला उतरतात. संशोधकांनी त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून पंधरा वर्षांहून जास्त काळ माग ठेवला. ती सरावतील असा अनेकांचा होरा होता. तसं झालं नाही. विहिरींच्या तळापासून ती सरासरी जवळजवळ एक किलोमीटर लांब राहिली आणि त्यांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त घटली. म्हणजे कागदावर तळाखाली गेलेली जमीन थोडीच असते, पण हरणांच्या हातून गेलेली जमीन तिच्या कितीतरी पट.

सेज ग्राउस या पक्ष्याचंही तसंच. वसंतात पहाटे नर ठरावीक मोकळ्या जागी जमून छाती फुगवून नाचतात. वायोमिंगमध्येच अशा जागांवर संशोधकांनी नुसता आवाज लावून पाहिला; खोदाईचं यंत्र (रिग) नाही, ट्रक नाही, फक्त स्पीकर. ड्रिलिंगच्या आवाजाने नरांची हजेरी २९ टक्क्यांनी घटली. रस्त्यावरच्या ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या आवाजाने ७३ टक्क्यांनी!

आता हवा. पाइनडेलचा सबलेट परगणा म्हणजे जेमतेम दहा हजार वस्ती. २०११ च्या हिवाळ्यात तिथे जमिनीलगतचा ओझोन, जो श्वासातून गेला की फुप्फुसांना त्रास देतो, १२० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत १२० भाग) वर गेला. मर्यादा तेव्हा ७५ होती, आणि आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या सगळ्यात वाईट दिवशीही इतका नव्हता. विहिरी, टाक्या आणि इंजिनांतून निघालेली रसायनं खोऱ्यात गार हवेच्या थराखाली अडकतात, बर्फावरून ऊन परततं, त्या दुप्पट उजेडात ओझोन तयार होतो. निरभ्र, सुंदर दिवशी लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना घराबाहेर पडू नका म्हणून सूचना द्यावी लागते. २०१२ साली हे खोरं ओझोनच्या मानकात नापास म्हणून अधिकृतपणे जाहीर झालं.

मिथेनची, म्हणजे नैसर्गिक वायूतल्या मुख्य आणि हवामान तापवणाऱ्या घटकाची, गळती हा सगळीकडचाच प्रश्न. न्यू मेक्सिको-कोलोरॅडोच्या सीमेवर, सॅन वान खोऱ्यात, नासाने विमानातून पाहणी केली तेव्हा अडीचशेच्या वर उगम सापडले. त्यातले दहा टक्केच निम्म्या गळतीला जबाबदार होते. म्हणजे मन लावून दुरुस्ती केली तर हे बरंच आटोक्यात येतं. तसंच, एकाच तळावरून तिरप्या विहिरी काढल्या आणि विहिरीतून येणारा द्रव पाइपलाइनने नेला तर टँकरच्या फेऱ्या घटतात. पाइनडेलला अशा तळांजवळ हरणांनी तुलनेने कमी अंतर ठेवलं. पर्याय आहेत. ते आधीच सक्तीचे करायला हवे होते, याची मला अजून चीड येते.

राहिला जमीन पूर्ववत होण्याचा प्रश्न. तिथे पाऊस इतका कमी, की उपटलेलं सेजब्रश परत यायला कित्येक दशकं लागतात. मोकळ्या मातीत तोवर चीटग्रास हे बाहेरून आलेलं गवत घुसतं, तेच पुढे वणव्याला सरपण होतं. विहीर नीट बुजवण्यासाठी कंपनीकडून अनामत घेतात, पण एका भाडेपट्ट्यामागे ती किमान १०,००० डॉलर, असं १९६० साली ठरलं आणि २०२४ पर्यंत तसंच राहिलं. एक विहीर बुजवायला मात्र लाखाच्या वरही डॉलर लागू शकतात. कंपनी बुडाली की विहीर बेवारस. अशा विहिरींसाठी, सरकारी जमिनीवरच्या आणि बाहेरच्याही, २०२१ च्या कायद्यात ४.७ अब्ज डॉलर ठेवावे लागले, आणि ते आले करदात्यांच्या खिशातून.