नोकरी गेली, शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र सुरू होतोय

प्रश्न : मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी सरकारी बँकेचं कर्ज घेतलं, मी सहकर्जदार आहे. शिक्षणानंतरची एक वर्षाची सवलत या महिन्यात संपते. नेमकी आत्ताच नोकरकपातीत त्याची नोकरी गेली. व्याज धरून ६ लाख रुपये बाकी आहेत. या सवलतीची मुदत वाढवून मिळेल का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : मिळू शकते, पण आपोआप नाही. २०२० साली मार्च ते ऑगस्ट मिळालेली सरसकट हप्तेस्थगिती ही टाळेबंदीपुरती होती. एरवी आधार आहे तो इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचा. बेकारीच्या काळात, कर्जाच्या एकूण मुदतीत दोन-तीनदा, हप्ते थांबवण्याची सोय तिच्यात आहे. ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, म्हणून आधी मंजुरीपत्रातली परतफेडीची कलमं वाचा.

पहिला हप्ता चुकण्याआधी अर्ज द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरतं, मग शाखेच्या हातात फारसं उरत नाही. शिवाय सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारी पत, मुलाचं बिघडतं तसंच तुमचंही. अर्जावर दोघांच्या सह्या हव्यात. सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, शेवटची पगारपावती आणि सहा महिन्यांचा खातेउतारा जोडा. ‘सवलत द्यावी’ एवढंच लिहू नका. किती महिने हवेत, त्या काळात दरमहा किती भरू शकता, तेही लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी ‘बघतो’वर कृपया थांबू नका; हप्ता त्यामुळे थांबत नाही.

आता खर्चाचं. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. १० टक्के दराने ६ लाखांवर महिन्याला सुमारे ५,००० रुपये व्याज होतं, सहा महिन्यांत ३०,०००. ते मुद्दलात मिसळलं तर दहा वर्षांच्या परतफेडीत हप्ता ७,९३० वरून ८,३२५ वर जातो आणि त्या ३०,००० पोटी एकूण ४७,५०० च्या आसपास जातात. म्हणून घरच्या उत्पन्नातून जमत असेल तर स्थगितीत निदान व्याज भरत राहा. दुसरा मार्ग, मुदत १५ वर्षांची करणं. हप्ता ६,४५० वर येतो, पण एकूण व्याज साडेतीन लाखांवरून ५ लाख ६० हजारांवर जातं. आमच्या मते आधी सहा महिन्यांची स्थगिती मागावी, मुदतवाढ नाइलाज झाला तरच.

मंजुरी लेखी मिळाली की दोन गोष्टी विचारा : सिबिलकडे खात्याची नोंद कशी जाणार, आणि खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याची सूचना थांबवली का? ती चालूच राहिली तर शिल्लक नसताना हप्ता परत जातो आणि दंड बसतो. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते.

प्रश्न : आमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्याने केंद्राचं व्याज अनुदान मिळत होतं. वाढीव स्थगितीतही मिळेल का?

उत्तर : नाही. ते अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचं एक वर्ष एवढ्यापुरतंच असतं. मात्र आधीच्या प्रत्येक वर्षाचं अनुदान खात्यात जमा झालंय का, हे उताऱ्यावर वर्षवार ताडून पाहा. एखादं वर्ष राहिलं असेल तर त्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला घेऊन शाखेत लेखी विचारणा करा.