ब्रिटिश अल्टरनेटिव्ह मेटल ऐकायचं तर सुरुवात कोणत्या बँडपासून करू?

तुम्ही विचारलंय की अल्टरनेटिव्ह मेटल (मेटलमध्ये फंक, पंक, रॅप असं इतरही मिसळलेलं संगीत) म्हटलं की कॉर्न, डेफ्टोन्स, टूल अशी सगळी अमेरिकन नावं पुढे येतात, तर इंग्लंडचा एखादा बँड सांगा, तो कसा जमला आणि पुढे त्याचं काय झालं. एकच नाव द्यायचं तर मी स्कंक अनान्सीचं देईन.

'हा कुठे मेटल?' असं म्हणणारे लगेच येतील, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, मेटलचे आहेत, जाड आणि खरखरीत. पण खाली चालणारा बास फंक आणि रेगे ऐकत वाढलेल्या माणसाचा आहे, आणि वर गाणारी बाई एका ओळीत कुजबुजते तर पुढच्या ओळीत छप्पर उडवते. मेटलवाल्यांना ते पुरते आपले वाटले नाहीत, पॉपवाल्यांना त्यांची भीती वाटली आणि इंग्लिश पत्रकारांना त्यांना कुठल्या रकान्यात टाकावं ते कळेना. नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश संगीतावर लिहिताना या बँडला दोन ओळींत उरकलं जातं, त्याचं कारण मला यातच दिसतं. रेकॉर्ड खपल्या नाहीत म्हणून ते मागे पडले, असं अजिबात नाही.

गायिकेचं नाव डेबोरा डायर, पण सगळं जग तिला स्किन म्हणूनच ओळखतं. जन्म 1967 चा, आईवडील जमैकाहून आलेले, बालपण दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनमध्ये. 1981 साली ब्रिक्स्टनमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात मोठी दंगल उसळली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिच्या गाण्यांत पोलीस, वंशद्वेष, धर्म हे विषय कुठून आले हे मग वेगळं सांगावं लागत नाही. पुढे ती ईशान्य इंग्लंडमध्ये मिडल्सबरोला टीसाइड पॉलिटेक्निकमध्ये इंटिरियर डिझाइन शिकली. लंडनला परतल्यावर बासवादक कॅस (रिचर्ड लुईस) याच्याबरोबर मामा वाइल्ड नावाच्या बँडमध्ये गायली. तो बँड मोडला. मग 1994 मध्ये गिटारवर एस (मार्टिन केंट) आणि ड्रमवर रॉबी फ्रान्स यांना घेऊन स्कंक अनान्सी जमला. पहिला कार्यक्रम त्याच वर्षी मार्चमध्ये, लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातल्या स्प्लॅश क्लबमध्ये.

अनान्सी म्हणजे घानातल्या अकान लोकांच्या गोष्टींतला कोळी, भल्याभल्यांना गंडवणारा. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर या गोष्टी समुद्र ओलांडून जमैकात पोचल्या आणि तिथल्या पोरांच्या तोंडी बसल्या. नाव जरा उग्र व्हावं म्हणून त्याच्या आधी स्कंक, म्हणजे दुर्गंध सोडणारा प्राणी, जोडला.

त्यांना करारबद्ध करणारी कंपनी होती वन लिटल इंडियन. ती चालवणारा डेरेक बर्केट हा स्वतः फ्लक्स ऑफ पिंक इंडियन्स या अराजकवादी पंक बँडमधला, त्यामुळे राजकीय गाण्यांनी बिचकणारा गृहस्थ नव्हता. (कंपनीने 2020 मध्ये नावातलं 'इंडियन' काढून 'इंडिपेंडंट' केलं.) आइसलँडची गायिका ब्यॉर्कही याच कंपनीकडे होती. 1995 मध्ये तिच्या 'आर्मी ऑफ मी'ची एक आवृत्ती स्कंक अनान्सीबरोबर झाली आणि बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात ती त्यांना घेऊनच उभी राहिली. स्कंक अनान्सीची पहिली रेकॉर्ड तर दुकानात आलीच नाही, बीबीसी रेडिओ 1 वरच्या 'इव्हनिंग सेशन' कार्यक्रमामार्फत टपालाने मागवावी लागायची. गाणं होतं 'लिटल बेबी स्वास्तिका', नावात मुद्दाम तीन 'के' घालून लिहिलेलं. भिंतीवर नाझी चिन्ह काढलेलं दिसतं, पण ते इतकं खाली आहे की काढणारं पोर फार तर चारेक वर्षांचं असणार. मग त्याच्या हाती खडू दिला कुणी, हा गाण्याचा प्रश्न आहे. पदार्पणाला असं गाणं निवडणाऱ्यांना लोकप्रिय व्हायची घाई नव्हती हे नक्की.

त्या वेळचं वातावरण लक्षात घ्या. 1995 च्या ऑगस्टमध्ये ब्लर आणि ओएसिस या दोन इंग्लिश बँडमधलं भांडण इंग्लंडच्या टीव्हीवरच्या मुख्य बातम्यांपर्यंत गेलं होतं. ब्रिटपॉपची लाट, सगळीकडे साठच्या दशकाच्या आठवणी, गिटार हातात घेतलेली गोरी पोरं आणि इंग्लिश असण्याचा कौतुकसोहळा. त्याच्या पुढच्याच महिन्यात टक्कल केलेली, कृष्णवर्णीय, स्त्रियांवरचं प्रेम न लपवणारी एक बाई 'इंटेलेक्च्युअलाइझ माय ब्लॅकनेस' नावाचं गाणं असलेला अल्बम घेऊन आली. तो 'पॅरनॉइड अँड सनबर्न्ट'. सिल्व्हिया मॅसीने, म्हणजे टूलचा पहिला पूर्ण अल्बम ज्या निर्मातीने केला तिनेच, तो ध्वनिमुद्रित केला. ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो 8 व्या क्रमांकापर्यंत चढला. 'सेलिंग जीझस' हे त्यातलं गाणं कॅथरिन बिगेलोच्या 'स्ट्रेंज डेज' या सिनेमातही आहे.

त्या अल्बमवरचं 'वीक' तुम्ही ऐकलं नसेल तर हे उत्तर इथेच सोडून आधी ते ऐका. कडव्याला जवळजवळ एकटी गिटार, मोकळे सुटे स्वर, आणि आवाज अगदी कानाशी. मग काहीही इशारा न देता धृपद येतं आणि तीच चाल सगळ्या वाद्यांच्या भाराखाली, वरच्या पट्टीत. हळू-मोठ्याचा हा खेळ तेव्हाचा प्रत्येक बँड खेळत होता. फरक असा की बहुतेकांकडे मोठा भाग म्हणजे फक्त गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल दाबणं. इथे भार आवाज उचलतो. हे गाणं स्किनने स्वतःला मारहाण सोसावी लागलेल्या नात्यावर लिहिलंय, हे ठाऊक नसताना ते प्रेमभंगाचं वाटतं आणि ठाऊक झाल्यावर पुन्हा तसं ऐकता येत नाही. गंमत म्हणजे 1998 मध्ये रॉड स्ट्युअर्टनेही ते गायलं. ठीक गायलंय, बस.

पहिल्या अल्बमनंतर रॉबी फ्रान्स गेला आणि लिटल एंजल्समध्ये वाजवून आलेला मार्क रिचर्डसन ड्रमवर आला. माझ्या मते बँड खऱ्या अर्थाने इथे पूर्ण झाला. मी स्वतः हौसेने बास वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी खालीच जातो. कॅस आणि मार्क ही जोडी कधीच गर्दी करत नाही. कॅस रिफच्या मागे न धावता त्याच्या फटींत वाजवतो, आणि म्हणूनच एवढा मोठा आवाज असूनही गाणं नाचतं राहतं. बहुतेक मेटल बँडमध्ये बास ऐकू आला तर नशीब, इथे तो गाण्याचा कणा आहे.

1996 चा 'स्टूश' हा त्यांचा सगळ्यात भक्कम अल्बम. निर्माता गार्थ रिचर्डसन, रेज अगेन्स्ट द मशीनच्या पहिल्या अल्बमवाला. तुम्ही सगळं राजकीयच का लिहिता, या नेहमीच्या कुरकुरीला पहिल्याच गाण्यात उत्तर आहे: होय, राजकीयच आहे, आणि मधे एक सणसणीत शिवी. पण याच अल्बमवर 'हेडोनिझम' आहे, ज्यात आरडाओरडा नावालाही नाही. फसवून गेलेल्या माणसाला ती शांतपणे विचारते की तुला बरं वाटलं म्हणजे ते बरोबर होतं का. युरोपभर त्यांचं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं हेच. इंग्लंडात ते 13 व्या क्रमांकावर थांबलं आणि त्याच अल्बमचं 'ब्रेझन' 11 व्या. पहिल्या दहात एकही गाणं न जाता एवढा मोठा झालेला बँड मला तरी चटकन दुसरा आठवत नाही.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी कंपनी बदलून ते व्हर्जिनकडे गेले. 1999 चा 'पोस्ट ऑर्गॅझमिक चिल', मिक्सिंग आणि निर्मितीला अँडी वॉलेस. 'चार्ली बिग पोटेटो'ची सुरुवात इलेक्ट्रॉनिक ठोक्यांनी होते आणि मग असा रिफ कोसळतो की हा मेटल आहे का हा वाद तिथेच मिटावा. बाकीचा अल्बम मला थोडा विस्कळीत वाटतो, पण पुष्कळ चाहते तोच सर्वोत्तम मानतात.

त्याच वर्षी ग्लॅस्टनबरी, इंग्लंडातला मोठा संगीत महोत्सव. शुक्रवारी आर. ई. एम., शनिवारी मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स आणि रविवारी रात्री पिरॅमिड स्टेज या मुख्य मंचावर समारोपाला स्कंक अनान्सी. इतक्या मोठ्या जागी यांना का बसवलं, यावर तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली. पण पुढची हकिकत जास्त बोलकी आहे. वीस वर्षांनी, 2019 मध्ये, रॅपर स्टॉर्मझीने तिथला मुख्य कार्यक्रम केला आणि तो मान मिळवणारा आपण पहिले कृष्णवर्णीय ब्रिटिश कलाकार असल्याचं लिहिलं. माध्यमांतही तेच चाललं होतं. स्किनने हसतखेळत आठवण करून दिली की बाबा, आम्ही 1999 मध्येच हे केलंय. स्टॉर्मझीने दिलदारपणे ते मान्य केलं आणि तिला श्रेय दिलं. त्याच्यावर राग नाहीच, तेव्हा तो लहान पोरगा होता. ज्यांनी तो कार्यक्रम कॅमेऱ्यातून दाखवला, त्यावर रकाने भरले, त्यांना तो आठवू नये याचं मात्र मला नवल वाटतं. की वाटू नये?

त्या काळात म्यूझ हा तेव्हा नवखा असलेला बँड त्यांच्या दौऱ्यावर आधी वाजवायला असायचा, हेही जाता जाता सांगतो.

2001 मध्ये बँड थांबला. जाहीर भांडणं नाहीत, कोर्टकचेऱ्या नाहीत. सात वर्षं सतत गाडीत, विमानात आणि स्टुडिओत काढल्यावर माणसं दमतात. स्किनने दोन एकल अल्बम केले, 'फ्लेशवून्ड्स' (2003) आणि 'फेक केमिकल स्टेट' (2006). पहिला फार हळुवार आहे, चाहत्यांना तो पचला नाही, मला आवडतो. ती टेक्नो डीजे म्हणूनही फिरली. मार्क रिचर्डसन फीडर या वेल्श बँडमध्ये गेला, तिथला ड्रमर जॉन ली 2002 मध्ये वारल्यानंतर.

2009 मध्ये चौघे परत जमले. आधी किंग्ज क्रॉसच्याच भागातल्या वॉटर रॅट्स या छोट्या जागेत, स्वतःचं नाव न लावता, चौघांच्या आद्याक्षरांचं 'स्कॅम' असं नाव घेऊन दोन कार्यक्रम केले. मग 'वंडरलस्टर' (2010), 'ब्लॅक ट्रॅफिक' (2012) आणि 'अनार्किटेक्चर' (2016). मोकळेपणाने सांगायचं तर या तीन अल्बमांवर चांगली गाणी आहेत, पण जुना धाक नाही. 'अनार्किटेक्चर' तर मी क्वचितच लावतो. मंचावर मात्र ते कधीच सैल पडले नाहीत. 2019 चा 'ट्वेंटीफाइव्ह लाइव्ह ॲट ट्वेंटीफाइव्ह' हा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा अल्बम ऐकला की हे कळतं. इटलीत तर त्यांना मानणारे इतके की स्किन 2015 मध्ये तिथल्या 'एक्स फॅक्टर'ची परीक्षक होती. मायदेशानेही उशिरा का होईना दखल घेतली: 2019 मध्ये केरँग या रॉक मासिकाच्या हॉल ऑफ फेममध्ये बँडला जागा आणि 2021 मध्ये स्किनला ओबीई हा ब्रिटिश राजसन्मान.

2025 च्या मे महिन्यात 'द पेनफुल ट्रुथ' आला, निर्माता डेव्ह सिटेक. नऊ वर्षांनी आलेला स्टुडिओ अल्बम, आणि पुनर्मीलनानंतरचा माझ्या मते सगळ्यात जिवंत. गिटारची भिंत पातळ केलीय, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) पुढे आणलाय, आणि 'ॲन आर्टिस्ट इज ॲन आर्टिस्ट'मध्ये स्किन वयावरून शहाणपण शिकवणाऱ्यांना जवळजवळ बोलत बोलत झोडपते.

ऐकायचा क्रम विचारलात तर आधी 'स्टूश' सलग ऐका, गाणी मागेपुढे करू नका. ते आवडलं तर 'पॅरनॉइड अँड सनबर्न्ट', आणि तुमचा ओढा डेफ्टोन्सकडे असेल तर मधेच 'चार्ली बिग पोटेटो'. नंतर थेट 2025 च्या अल्बमवर उडी मारली तरी चालेल. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, कॅसचा बास त्यातून येतच नाही.