मधुमेह आहे, पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे. मग मूत्रपिंडासाठी लघवीची वेगळी तपासणी करावी का?

होय, क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून काढते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल असले तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराची तपासणी वर्षातून एकदा अवश्य करून घ्यावी. रक्तातील क्रिएटिनिन बहुतेकदा मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी कार्यक्षमता गेल्यावरच ठळकपणे वाढते. मात्र मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या बिघडू लागल्या की अल्ब्युमिन हे प्रथिन त्याच्या कितीतरी आधी लघवीतून झिरपू लागते आणि त्या काळात पायांवर सूज किंवा लघवीला फेस यांपैकी काहीही सहसा दिसत नाही. नेहमीच्या लघवीच्या रिपोर्टवर ‘प्रोटीन निल’ असा शेरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण इतके अल्प प्रमाण साध्या पट्टीवर अनेकदा उमटतच नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी टाइप २ मध्ये निदान झाल्यापासून आणि टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांनी सुरू करावी. गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून अधिक आले, तर ते वाढलेले मानतात. परंतु ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जड व्यायाम यांमुळेही ते तात्पुरते वाढते, म्हणून ३ ते ६ महिन्यांतील ३ पैकी २ नमुने वाढलेले असल्याशिवाय निदान पक्के करत नाहीत. दोष वेळीच सापडला, तर साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवण्याबरोबरच टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल यांपैकी एक रक्तदाबाचे औषध आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी देऊन मूत्रपिंडाची झीज खरोखरच मंदावता येते. ही औषधे मात्र पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.